पंगतीत तुमच्या शेजारी कोण?

काय दोस्तहो, चाचणी परीक्षा संपली ना? मग या शनिवार-रविवारचा काय बेत? उशिरापर्यंत लोळायचं, दुपारी क्रिकेट आणि संध्याकाळी भेळ? झकास! पण आज मी तुम्हांला जरा वेगळा बेत सांगणार आहे. त्यात गाणं आहे, जेवण आहे, नदी आहे, गोष्टी आहेत आणि बरोबर अर्थातच तुमची दोस्तमंडळी आहेत.

हा बेत सुचला एका पत्रामुळे. पत्र आहे नववीतल्या एका मैत्रिणीचं. नाव-गाव छापू नका, असं तिनं बजावलंय, म्हणून छापत नाही. ती लिहिते, ‘आम्ही पाच मैत्रिणी मधल्या सुट्टीत एकत्र डबा खातो. आमच्यातल्या एकीचं आडनाव आजीला कळलं, तेव्हापासून तिच्या डब्यातलं खायचं नाही अशी तंबी मिळाली आहे. मी खाते, आणि घरी खात नाही म्हणून सांगते. पंधरा दिवसांनी माझा वाढदिवस आहे. मला चौघींना बोलवायचंय. आजी म्हणते, तिघींनाच बोलव. चौथीला काय सांगू?’

पत्र वाचून झाल्यावर मी ते बराच वेळ हातातच धरून बसलो होतो. तुम्हीही जरा थांबा आणि स्वतःलाच विचारा, चौथीला काय सांगाल?

उत्तराकडे आपण वळसा घालून जाऊ या. वळसा नांदेडवरून!

समजा, तुम्ही पाच-सहा जण, बरोबर कुणाची तरी ताई किंवा काका, असे शनिवारी दुपारी नांदेडला उतरलात. मुक्काम गोदावरीकाठी, हुजूर साहिबला. गुरू गोविंदसिंग हे शिखांचे दहावे गुरू. १७०८ साली त्यांनी इथेच देह ठेवला. आपल्यामागे कुणा माणसाला गादी न देता त्यांनी ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं. म्हणून शिखांच्या पाच तख्तांपैकी एक तख्त आपल्या महाराष्ट्रात आहे. आज दिसतो तो पांढराशुभ्र, सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतला. तेव्हा नांदेड होतं निजामाच्या राज्यात. राजा लाहोरचा, मुलूख निजामाचा, नदी आपली गोदामाई! आहे की नाही गंमत?

आत जायचे नियम सोपे आहेत. चपला-बूट जोडाघरात द्यायचे. पाय धुवायचे. डोकं झाकायचं. मुलींना ओढणी, मुलांना रुमाल, आणि नसेल तर तिथे मिळतो. तंबाखू-सिगारेट अर्थातच बंद. जोडाघरात जरा नीट बघा. तुमचे धुळीनं माखलेले बूट हसतमुखानं उचलून घेणारा माणूस नोकर असेलच असं नाही. तो बँकेतला साहेब असेल, नाहीतर मोठा व्यापारी. दोन दिवसांसाठी आलाय आणि लोकांचे जोडे सांभाळतोय. याला ते म्हणतात सेवा.

आता संध्याकाळ. आत गाणं सुरू झालंय.

हे गाणं कॅसेटवरचं नाही बरं का! समोर बसून गाताहेत. सहसा तिघं असतात, दोघांपुढे पेटी आणि तिसऱ्यापुढे तबला. त्यांना रागी म्हणतात. म्हणजे रागावलेले नव्हेत, राग गाणारे! गुरू ग्रंथसाहिबाची १४३० पानं आहेत, आणि त्यातला फार मोठा भाग रागांप्रमाणे लावलेला आहे. मुख्य राग ३१. बहुतेक पदांवर तो कोणत्या रागात गायचा ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात कवितेच्या वर ‘चालीवर म्हणा’ असं लिहिलेलं असतं ना, तसं. जगात एवढा मोठा धर्मग्रंथ गाण्याचं पुस्तक म्हणूनही लावलेला सापडणं दुर्मीळच.

या गाण्याची सुरुवात झाली ती एका दोस्तीतून. गुरू नानक पदं रचून गायचे आणि त्यांच्याजवळ रबाब वाजवायचा मर्दाना. नानक हिंदू घरात जन्मलेले, मर्दाना मुसलमान. दोघं एकाच गावचे. वर्षानुवर्षं दोघांनी पायी मुलूख पालथा घातला. वाटेत जे मिळेल ते दोघांनी मिळून खाल्लं असणार, नाही का? एक गातोय आणि दुसरा साथ करतोय, तर जेवताना ‘तू तिकडे बस’ असं कसं म्हणणार?

आरतीच्या वेळी इथे गुरूंची शस्त्रं दाखवतात. ती बघा. मग हातावर येईल कडाह प्रसाद. कणीक, तूप आणि साखर सारख्या मापानं घेऊन केलेला गरमागरम शिरा. दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. एकाच भांड्यातून सगळ्यांना. देणारा नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, आणि आपल्याकडचा तो लाडका प्रश्न तर मुळीच विचारत नाही, ‘पूर्ण नाव काय तुझं?’

तुम्हांला ठाऊक आहे ना हा प्रश्न? नुसतं नाव सांगितलं की समाधान होत नाही. आडनाव हवं असतं. आडनाव कळलं की पुढचं सगळं त्यांचं तेच ठरवून टाकतात. आपल्या पत्रातल्या आजींनीही तेच केलं.

चला, पोटात कावळे ओरडताहेत. लंगरला जाऊ.

लंबच्या लांब सतरंज्या अंथरलेल्या. तुम्ही ज्या क्रमानं आत आलात, त्या क्रमानं बसायचं. ‘मला खिडकीशी’, ‘मला हिच्याशेजारी’ असलं काही चालत नाही. पुढची रिकामी जागा तुमची. तुमच्या डावीकडे अमृतसरहून आलेली एखादी म्हातारी असेल. उजवीकडे स्टेशनवरचा हमाल असेल, किंवा रिकाम्या खिशानं भुकेला आलेला कुणी असेल. समोरच्या ओळीत लाखोंची गाडी बाहेर उभी करून आलेला माणूस असेल. सगळ्यांची मांडी जमिनीवर, सगळ्यांचं ताट स्टीलचं. डाळ, भाजी, भात, पोळी, कधी खीर. पोळी वाढायला आले की दोन्ही हात पुढे करायचे. पोळीला इथे म्हणतात परशादा. म्हणजे पोळी हादेखील प्रसादच! हवं तितकं मागा, पण ताटात टाकू नका.

पैसे? नाहीत. ज्याला द्यायचे तो पेटीत टाकतो. आपल्या कमाईचा दहावा भाग अशा कामासाठी काढून ठेवावा, अशी शिखांमध्ये शिकवण आहे. त्याला दसवंध म्हणतात. त्यातून, आणि शेतकऱ्यांनी आणून दिलेल्या गहू-डाळीतून ही चूल चालते. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात तर रोज पन्नास हजारांहून जास्त माणसं जेवतात. आणि नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसच्या प्रवाशांना वाटेतल्या स्टेशनांवर लोक डब्यापाशी येऊन लंगर वाढतात. त्या गाडीला घरून डबा न्यायला विसरलात, तरी उपाशी राहण्याची भीती नाही!

जेवण झालं की लगेच पळायचं नाही. ताट घासायला बसा, किंवा स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटा. तुमच्या पोळीचा नकाशा झाला तरी कुणी हसणार नाही. मुलगेही लाटतात बरं का! घरी ‘ते बायकांचं काम’ म्हणणाऱ्या आमच्या शूर वीरांनी खास लक्ष द्यावं.

आता रात्री गप्पा मारताना एक कोडं सोडवा. जेवण फुकट द्यायचं, तर पुडी बांधून हातात देता आली असती. मग एका ओळीत बसायचा एवढा आग्रह कशासाठी?

कारण त्या काळी माणसं उपाशी होती तेवढंच दुःख नव्हतं. ती एकमेकांच्या हातचं खात नव्हती, हे त्याहून मोठं दुःख होतं. नानकांची एक गोष्ट परंपरेनं सांगतात. ते एका गावी गेले आणि लालो नावाच्या गरीब सुताराकडे उतरले. त्याच गावातल्या मलिक भागो या श्रीमंत अंमलदारानं मेजवानीचं आमंत्रण धाडलं. नानकांनी लालोची कोरडी भाकरी खाल्ली, पण मेजवानीचं ताट नाकारलं, कारण ते ताट गरिबांना लुबाडून भरलेलं होतं. पुढे दुसऱ्या गुरूंच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळायच्या. त्यांच्या तुपातल्या खिरीचं कौतुक थेट ग्रंथात आलं आहे! तिसऱ्या गुरूंनी, अमरदासांनी, नियमच केला की आधी पंगतीत बसा, मग मला भेटा. बादशहा अकबर भेटायला आला, तेव्हा तोही आधी पंगतीत बसला, असं सांगतात. भूक लागली होती म्हणून तो बसला नाही. सगळ्यांच्या बरोबर बसल्याशिवाय आत प्रवेश नव्हता, म्हणून बसला.

आणि १६९९ सालची ती गोष्ट. आनंदपूरला बैसाखीला हजारोंचा मेळा भरलेला. गुरू गोविंदसिंगांनी हातात तलवार घेऊन विचारलं, कोण शिर देतो? एकेक करून पाच जण उठले. त्यांतला एक लाहोरचा खत्री, एक हस्तिनापूरचा जाट, एक जगन्नाथपुरीचा पाणक्या, एक द्वारकेचा कापड छापणारा, आणि पाचवा बीदरचा न्हावी. बीदर म्हणजे नांदेडपासून फार लांब नाही. गुरूंनी या पाचांना एकाच भांड्यातलं अमृत पाजलं आणि मग त्यांच्याच हातून स्वतः घेतलं. पाचांच्या नावांपुढे एकच शब्द आला, सिंग. पुढे स्त्रियांना कौर. सगळ्यांचं एकच नाव झालं, की ‘पूर्ण नाव काय?’ या प्रश्नातली हवाच निघून जाते!

झोपा आता. पहाटे उठायचंय.

पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून गुरुद्वाऱ्यात आणतात आणि त्यानं तख्त धुतात. अंधार असतानाच ‘आसा की वार’ गायली जाते. डोळ्यांवर झोप असेल, तरी ऐका. आसा राग पहाटे ऐकायची मजाच निराळी. मग गरम चहा प्यायचा आणि बस पकडून हिंगोली जिल्ह्यात जायचं, नर्सीला. म्हणजेच नर्सी नामदेव.

ओळखलंत ना? आपले संत नामदेव. परंपरेप्रमाणे त्यांचं गाव नर्सी. जन्म १२७० सालचा. जातीनं शिंपी. विठ्ठलाचं नाव गात ते पार पंजाबपर्यंत गेले, तिथे घुमान गावी राहिले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे काल संध्याकाळी रागी गात होते, त्या ग्रंथात आपल्या मराठवाड्याच्या माणसाची गाणी आहेत, आसा, तोडी, मल्हार, भैरव अशा रागांत बांधलेली. एकटे नामदेवच नाहीत. विणकर कबीर आहेत, चांभार रविदास आहेत, मुसलमान सूफी शेख फरीद आहेत. तो ग्रंथ उघडला तरी पंगतच दिसते. सगळे एका ओळीत!

नर्सीहून औंढा नागनाथला जा. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जाणारं हे जुनं, कोरीव दगडी देऊळ. तिथे एक गोष्ट नीट पाहा. शंकराच्या देवळात नंदी कुठे असतो? देवासमोर. इथे तो मागे आहे! गोष्ट अशी सांगतात, की नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना खालच्या जातीचे म्हणून हाकललं. नामदेव मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, तर देऊळच फिरलं आणि देवाचं तोंड त्यांच्याकडे झालं. देऊळ फिरल्याचं हे पद ग्रंथसाहिबातही आहे. दगडाचं देऊळ फिरतं का, म्हणून भांडत बसू नका. ज्यांनी ही गोष्ट सातशे वर्षं सांगितली, त्यांना काय म्हणायचं होतं ते बघा. तुम्ही ज्याला हाकलता, देव त्याच्या बाजूला असतो.

आणि नामदेव स्वतः कसे वागले? चोखामेळा त्यांचे सोबती, जातीनं महार. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून चोखोबा गेले. परंपरा सांगते, की नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. पंढरपूरला गेलात तर ती बघा. बाहेरच आहे. कारण जिवंतपणी चोखोबांना आत सोडलं नव्हतं. पुढे कित्येक शतकं त्यांच्या लेकरांनाही सोडलं नाही. मे १९४७ मध्ये सानेगुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा कुठे ते दार उघडलं. देवळाचं असं, तर पाण्याचंही तसंच. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांनिशी सत्याग्रह करावा लागला. एक ओंजळ पाणी! स्वतंत्र भारताच्या घटनेनं १७ व्या कलमात अस्पृश्यता बंद केली. कायद्यानं तो गुन्हा आहे.

पण कायदा मधल्या सुट्टीत तुमच्या डब्यापाशी येऊन बसत नाही. तिथे तुम्हीच असता.

एक गोष्ट खरी सांगायला हवी. लंगर आहे म्हणून पंजाबातून जात गेली, असं नाही. तिथल्याही काही गावांत जातीजातींचे वेगळे गुरुद्वारे आहेत. पंगतीत शेजारी बसलेली माणसं लग्न जुळवताना पुन्हा जात विचारतात. आपल्याकडेही वारीत एकत्र चालणारी मंडळी गावात परतल्यावर बदलतात, हो की नाही? म्हणजे एकदा पंगत मांडली आणि काम झालं, असं नसतं. ताट जसं रोज घासायचं, तसंच हे. म्हणून तर लंगर रोज आहे.

आता वळसा संपला. आपल्या पत्रवाल्या मैत्रिणीशी बोलू.

बाई गं, तुझ्या आजीला आधी वाईट ठरवू नकोस. तिच्या लहानपणी तिला जे शिकवलं, तेच ती तुला शिकवते आहे. पण शिकवलेलं सगळं बरोबरच असतं असंही नाही. तिच्याशी बोलताना दोन गोष्टी वेगळ्या कर. काय खायचं आणि कुणाबरोबर खायचं. ‘मी मांस-मच्छी खात नाही’ हा झाला आवडीचा किंवा नेमाचा भाग, त्याचा मान राखायचा. लंगरमध्येही शाकाहारीच असतं, ते कुणालाही पंगतीत बसता यावं म्हणून. पण ‘तिच्या हातचं खात नाही’ हा खाण्याचा नेमच नव्हे. तो त्या माणसाचा अपमान आहे. आणि तुझ्या मैत्रिणीला तो कळतो. तू बोलावलं नाहीस, तर तिला कारण सांगावं लागणार नाही. ती आधीच ओळखेल. तिला हे पहिल्यांदाच घडत असेल, असं तुला वाटतं का?

म्हणून चौघींना बोलवावंस असं मला वाटतं. पण चोरून नाही. खोटं बोलून खाल्लेला डबा आजीलाही फसवतो आणि मैत्रिणीलाही. आधी आईला विश्वासात घे. मग आजीच्या शेजारी बसून तिलाच नामदेव-चोखोबांची गोष्ट विचार. तिला ती तुझ्यापेक्षा जास्त चांगली येत असेल! गोष्ट संपली की हळूच विचार, ‘आजी, आज नामदेव असते तर कुणाला बोलावलं असतं?’ चिडली तर चिडू दे. एका दिवसात देऊळ फिरायचं नाही. आणि समजा घरी जमलंच नाही, तर तिघींना घरी आणि चौथीला बाहेर असं मात्र करू नकोस. मग वाढदिवस शाळेच्या मैदानावर, चिंचेच्या झाडाखाली, पाचही जणींनी डबे एकत्र करून. केक नसला तरी चालेल.

आणि बाकीचे दोस्तहो, नांदेडला जाणं लगेच जमलं नाही तर हरकत नाही. तुमच्या गावात, शेजारच्या शहरात गुरुद्वारा असेल. रविवारी चौघं-पाच जण मिळून जा. डोकं झाकायला रुमाल न्या. तासभर गाणं ऐका, पंगतीत बसा, आणि निदान वीस ताटं घासून या. गुरुद्वारा नसेल, तर शनिवारी वर्गातच पंगत मांडा. नियम फक्त एक, यायच्या क्रमानं बसायचं. नेहमीचा पार्टनर नाही मिळणार! ज्याच्याशी वर्षभर बोलला नाहीत तो शेजारी आला, तर त्याच्या डब्यात काय आहे ते विचारा आणि एक घास मागा. मागायला लाजू नका, द्यायला तर मुळीच नको.

मग मला कळवा. शेजारी कोण आलं आणि भाजी कोणती होती, दोन्ही लिहायचं. निवडक पत्रांना या पानावर जागा मिळेल. लांबलचक नको, पोस्टकार्डभर पुरे.

भेटू पुढच्या आठवड्यात!